पांढरी जोडी

अंड्याला गेलेली चीर करंगळीच्या नखाहून मोठी नव्हती. तिच्या कडा पात्याने कापल्यासारख्या सरळ होत्या, आणि त्यांतून ओलसर पांढरं नाकाड बाहेर आलं होतं. उबवणीच्या पेटीच्या झाकणाच्या काचेवर श्वास पडणार नाही अशा बेताने सुप्रभा वाकली. पिल्लू थोडं पुढे सरकलं. उजवा डोळा दिसला. काळा, बेताचा, जागच्या जागी. मग डावा दिसला. तो खोबणीत मावत नव्हता.

"व्हाइट?" मागून उदयने विचारलं.

"पांढरंच."

"ब्रिलियंट!"

उदयचं क्रॉयडनला सापांचं आणि सरड्यांचं दुकान होतं. सुप्रभाकडच्या सापाच्या मादीने अंडी घातली की उन्हाळाभर दर पंधरवड्याला तो बेसिंगस्टोकला यायचा. आधी अंडी बघायला, मग पिल्लं न्यायला. जन्म इथलाच, मराठी आईकडून कानावर पडलेलं तेवढंच. पण सुप्रभाचे यजमान पद्माकर वारल्यापासून या घरात मराठी बोललं जायचं ते तो आला की, आणि सुप्रभाला काकू म्हणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

त्याने काचेला नाक लावलं आणि शीळ घातली. "ओह. बग आय."

"हो."

"शेम. बाकीचे अंडे कट करूया, काकू? आत किती चांगले आहेत ते कळेल. लोक वेटिंग आहेत. छोटी कात्री आहे माझ्याकडे."

"आज नाही. आज नागपंचमी. आज काही चिरायचं नाही, कापायचं नाही, जमीनसुद्धा खणायची नाही."

"मग कौन्सिलला फोन करा ना! ट्रामसाठी माझ्या शॉपसमोरचा अख्खा रोड खणलाय."

सुप्रभा हसली. तिला असं अचानक हसू फार दिवसांनी आलं होतं.

"आणि काकू, यू आर अ सायंटिस्ट!"

"होते. म्हणून दिंडं उकडायची नाहीत की काय? चल, गरम आहेत तोवर खा."

स्वयंपाकघरात तिने दोन ताटल्या मांडल्या. उदयने दिंड हातातच घेतलं, वरून तूप ओघळलं ते मनगटावरून चाटलं. "पांढरे साप नसते तर एवढा लांब ड्राइव्ह कोणी केला असता?" तो भरल्या तोंडाने म्हणाला. "ब्राउन तर मला लंडनमध्ये फुकट देतात. पण हे काय भारी आहे, काकू!"

"अजून एक घे," सुप्रभा म्हणाली.

पांढरी जोडी पद्माकरांनी आणली होती. एकाच वेळच्या अंड्यांतली, सख्खी भावंडं. दुसरा पांढरा नर तेव्हा मिळत नव्हता. पहिल्या वर्षी सगळी पिल्लं चांगली निघाली. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सुप्रभाचा जन्म पेशी बघण्यात गेला होता. भावाबहिणीची जोडी लावली की कधी ना कधी पिल्लांत दोष उतरतात, हे तिला कुणी सांगायला नको होतं. आता बस, असं ती दर हिवाळ्यात ठरवायची. वसंत आला की नर उचलून मादीच्या पेटीत सोडायची, आणि क्रॉयडनला फोन करायची.

"पण कट का नाही करायचं?" उदयने विचारलं. "रीझन काय?"

"एक गोष्ट आहे. एका शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिल्लं मेली. खाली वारूळ आहे हे त्याला ठाऊक नव्हतं."

"म्हणजे अ‍ॅक्सिडेंट."

"हो," सुप्रभा म्हणाली. "त्याला ठाऊक नव्हतं."

उदयने हात धुतले. फ्रिजवरचा आइस्क्रीमचा रिकामा डबा त्याने न विचारताच उचलला. तो डबा त्याच कामाचा होता. "तुम्हाला आवडत नाही ना. आज मी करतो." तो मागच्या खोलीत गेला आणि ते अंडं अलगद डब्यात घालून परत आला. पिल्लाने डोकं आत ओढून घेतलं होतं.

"ते जगेल, उदय. त्याला दुखतंय असंही नाही."

"आय नो. पण घेणार कोण? कस्टमर परफेक्ट मागतो." त्याने फ्रीझरचा कप्पा ओढला. खवलेल्या नारळाच्या पिशव्या एका बाजूला सारल्या, सापांसाठी आणलेल्या उंदरांची पाकिटं दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या जागेत डबा ठेवला. "थंड ब्लड आहे, काकू. नुसता झोपतो तो."

 गोठताना पेशींमध्ये बर्फाच्या सुया कशा धरतात, ते सुप्रभाने काचेखाली पाहिलेलं होतं. नुसतं झोपणं म्हणजे काय, ते मात्र अजून कुणीच पाहिलेलं नव्हतं.

कप्पा बंद झाला. उदयने जॅकेट चढवलं, गाडीची किल्ली शोधली, उरलेल्या दिंडांचा डबा काखेत मारला. "दोन वीकनी येतो. तोपर्यंत बाकीचे निघतील. आणि नेक्स्ट इयर पुन्हा सेम पेअर, ओके?"

दरवर्षी ती या प्रश्नाला मान डोलवायची.

सुप्रभाने कप्पा उघडला आणि डबा बाहेर काढला. झाकणावर अजून दव धरलं नव्हतं. तिने तो टेबलावर, दोन रिकाम्या ताटल्यांच्या मध्ये ठेवला आणि झाकण काढलं. चिरेच्या तोंडाशी काहीच हललं नाही. दोघं बघत राहिली. उदयच्या हातात किल्ली वाजत होती, मग थांबली. जरा वेळाने ते पांढरं नाकाड पुन्हा पुढे आलं.

"हे मी ठेवून घेते," सुप्रभा म्हणाली. "आणि ती जोडी आता लावणार नाही. सख्खी भावंडं आहेत ती, उदय."