वर्षाराणीचा उंदीर

मंजूला मिरगी आहे, हे तिचं लग्न जमेपर्यंत धनजमध्ये कोणाला कळू द्यायचं नव्हतं. पण ती धाकट्या बहिणीवर जळते, हे मात्र सगळ्या गावाला माहीत होतं. लोकांनी कारणंही मोजून ठेवली होती: वर्षाराणीला पुण्यात नोकरी, त्यात नवी स्कूटी. मेंदूतल्या ग्लुटामेट नावाच्या रसायनाला अडवून मिरगीचा झटका थांबवेल असं औषध तिची प्रयोगशाळा शोधत होती.

दिवाळीला वर्षाराणी घरी आली तेव्हा तिनं मंजूला फोनवर एक पांढरा उंदीर दाखवला. "याच्यावर औषध तपासून राह्यलो आमी."

"याले झटका आला तं?" मंजूनं विचारलं.

"मी बाजूलेच बसते. किती सेकंद राह्यला, कोणता पाय हालला, सारं लिहून ठेवते."

"अन् जेवाची वेळ झाली तं?"

"उठाचंच नाही. तो बरा होईपर्यंत नजर हटवाची नाही."

मंजू बराच वेळ त्या उंदराकडे पाहत राहिली.

"मजा हाये लेकाची," ती म्हणाली. "मले आला तं माय बाहीरून कडी लावते."