एक छिन्नी कमी

"एकोणचाळीस," पहारेकऱ्यानं यादीवरून मान वर केली. "सकाळी चाळीस अवजारं आत गेली होती. एक छिन्नी कमी आहे, आंटी."

आंटी सेरवाचे सगळे गवंडी हॉटेलच्या मागच्या फाटकाशी जागच्या जागी थांबले. घानातल्या अक्रा शहरातल्या या हॉटेलात पुढच्या दारानं परदेशी मंत्री आणि त्यांचे बंदूकवाले ये-जा करत, मागच्या दारानं ही माणसं. सहाव्या मजल्यावरची न्हाणीघरं नवी होत होती आणि खाली-वर पाहुणे राहत होते. म्हणून अवजार मोजून आत, मोजून बाहेर. एक जरी कमी भरलं, तरी कुणी हलायचं नाही.

अडोमाको रांग सोडून पुढं आला. फरशी बसवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सगळ्यांचे फोन फाटकावरच्या पेटीत जमा असत. त्याचा वाजून वाजून थकला, तेव्हा पहारेकऱ्यानं उचलला आणि आत्ताच निरोप दिला होता.

"आंटी, मामाचं काही खरं नाही. मला जाऊ द्या. दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणी घेत नाहीये तो. तोंड मिटून पडलाय."

मरणाऱ्याला डोंगर चढायचा असतो म्हणतात, वाटेत तहान लागते. ते घोटभर पाणी आपल्या माणसानं पाजायचं. हे आंटीला कुणी सांगायला नको होतं. तिनं स्वतः आपल्या आईला पाजलं होतं.

पहारेकऱ्यालाही कळवळा आला. "आंटी, 'एक कमी' म्हणून तुम्ही अंगठा द्या. याची झडती घेऊन याला एकट्याला सोडतो. बाकीचे शोधा."

आंटीनं हात मागं घेतला.

"अकरा वर्षं या फाटकातून जातेय. माझ्या यादीत खिळा कमी भरला नाही. आणि आज माझ्या अंगठ्यावर 'कमी' लिहितोस? उद्या साहेब म्हणेल, बाईनं चोर पोसलेत."

"मी चोर नाही, आंटी."

"मग शोध. सापडली की उड. तुझा मामा काय बर्फ आहे, तासाभरात वितळायला?"

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

सगळे पुन्हा वर गेले. सिमेंटची पोती उलटी केली, वाळू उपसली. आंटी एकेकाच्या सात पिढ्या उद्धरत जिन्याच्या उघड्या दारातून चार वेळा आत-बाहेर झाली.

अडोमाको त्या दाराशी गुडघ्यावर बसला.

दाराखाली छिन्नी खोचलेली होती. आवाज होऊ नये म्हणून तिला निळी चिंधी गुंडाळली होती. सकाळी कुणा पाहुण्यानं तक्रार केली होती, दार फार आपटतं म्हणून. त्यानं छिन्नी ओढून काढली. दार खांद्यावर तोललं आणि हळूच मिटू दिलं. मग त्यानं चिंधीकडं पाहिलं, आणि आंटीच्या डोक्याला बांधलेल्या निळ्या फडक्याकडं. फडक्याचा एक कोपरा फाटलेला होता.

आंटीचा हात डोक्याकडं गेला.

खाली फाटकावर त्यानं छिन्नी मेजावर ठेवली. "मोजून घ्या. चाळीस."

पहारेकरी यादीतून वर बघेना. "मघाशी परत फोन आला होता," तो म्हणाला. "तुझी बहीण होती. रडत होती रे."

"मी गाडी करून देते," आंटी घाईघाईनं म्हणाली. "जा बाबा, लवकर निघ."

"आता कसली घाई, आंटी."

तो फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसला. आंटीला काय करावं सुचेना. पहारेकऱ्याच्या माठातून तिनं ग्लासभर पाणी घेतलं आणि त्याच्यापुढं धरलं. त्यानं ग्लासाकडं पाहिलं. हात मांडीवरच ठेवला.

"आंटी, अंगठा," पहारेकऱ्यानं यादी पुढं केली. "यादी पुरी भरली."

अंगठा द्यायच्या हातात ग्लास होता, आणि तो कुणी घेत नव्हतं.