जहाज पार होईपर्यंत

फाटक पडलं तेव्हा मेहुण्याची गाडी त्याला नाक लावूनच उभी राहिली. केबिनच्या काचेतून पूलताईंनी ती ओळखली.

बंदरात सगळे त्यांना पूलताईच म्हणत. चौदा वर्षं त्या या पुलाचा मधला भाग दोन मनोऱ्यांमधून सरळ वर उचलत आणि परत खाली ठेवत आल्या होत्या. तो वर गेला की खालून जहाजं जात, आणि दोन्ही काठांवर अडकलेले गाडीवाले ताईंच्या नावानं बोटं मोडत. पलीकडच्या काठावर रेल्वे स्टेशन होतं, त्यामुळे शिव्यांना तोटा नसे.

आज पर्यटकांचं मोठं जहाज जायचं होतं. त्याचे दिवे वळणावर दिसले की पूल उचलायचा, असा शिरस्ता. आज ताईंनी दिवे दिसायच्या आधीच फाटक पाडून हँडल ओढलं होतं. असं त्यांनी चौदा वर्षांत कधी केलं नव्हतं.

लोखंडी जिना वाजला आणि धाकट्या बहिणीचा नवरा आत आला. माणूस मोठा गोडबोल्या. घराबाहेर त्याचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता. गेल्या महिन्यात बहिणीचं मनगट दुसऱ्यांदा मोडलं, तेव्हा ती बाथरूममध्ये कशी घसरली हे त्यानं इतक्या कळवळ्यानं सांगितलं, की डॉक्टरांनी उलट त्यालाच धीर दिला.

"ताई, पूल खाली घ्या."

"काय झालं, जावईबापू?"

"ती गेलीये. तुम्हाला ठाऊक नाही असं म्हणू नका."

त्यानं खिशातून एक कागद काढून टेबलावर पसरला. जहाज कंपनीचं पत्रक होतं. आजच्या तारखेभोवती पेनानं गोल केला होता.

"कपाटात कपड्यांखाली मिळालं. खरं तर मी स्टेशनवरच निघालो होतो. मागच्या दोन्ही वेळा तिथेच सापडली ना. पण म्हटलं, आधी घर बघावं. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, ताई."

ताईंना भीती स्वतःसाठी नव्हती. बहीण तिसऱ्यांदा त्या घरात परत गेली, तर नुसत्या मनगटावर भागणार नाही, हे त्या पक्कं जाणून होत्या.

"पूल आता खाली येत नाही," त्या म्हणाल्या. "जहाजाचं मागचं टोक पार झालं, असं जहाज आणणाऱ्या पायलटनं रेडिओवर कळवल्याशिवाय मला हँडलला हात लावता येत नाही. माणसं मरतील."

"मग बंदर कार्यालयाला फोन करतो. तेच थांबवतील जहाज."

"काय सांगाल त्यांना? बायको सोडून चाललीये म्हणून? उद्या सकाळपर्यंत गावभर होईल."

ही मात्रा लागू पडली. त्यानं फोन खिशात ठेवला.

जहाज वळणावर दिसलं. खाली काठावर हौशी मंडळी घडीच्या खुर्च्या टाकून बसली होती; दर आठवड्याला ती जहाजं बघायला येत. एरवी ताईंनाही ते दृश्य आवडे. उजळलेल्या खिडक्यांची रांगच्या रांग डोळ्यांसमोरून सरकायची, आणि एखादं पोर कठड्यावरून त्यांना हात करायचं. आज त्यांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. आठ वाजून पाच मिनिटं.

त्यानं टेबलावरची दुर्बीण उचलली. "पार व्हायला किती वेळ लागेल?"

"दहाएक मिनिटं."

"तेवढ्यात अकरा मजले कसे बघून व्हायचे? हळू न्यायला सांगा."

"नोकरी जाईल माझी."

"ताई." आवाज मऊच होता. "तुम्हीच तिला फूस लावलीत असं मी पोलिसांत सांगितलं, तरी ती जाईलच की."

ताईंनी रेडिओ उचलला.

"पायलटसाहेब, इथे वारा धड नाही. अगदी सावकाश या."

"बरं, पूलताई. मुंगीच्या पावलांनी येतो."

जहाज अक्षरशः रांगत आलं. काचेला दुर्बीण टेकवून तो एकेक मजला, एकेक कठडा चाळत होता. फाटकाशी हॉर्न वाजत होते. सव्वाआठ झाले, मग आठ वाजून वीस मिनिटं. याला काही सापडू नये आणि याची शोधाशोध थांबूही नये, असं काहीतरी ताई मनातल्या मनात घोकत होत्या.

"ती बघा," तो एकदम म्हणाला. "सातवा मजला. निळी शाल. पाठमोरी आहे."

"एवढ्या लांबून काय कळणार? दुसरी कुणी असेल."

"मला माझी बायको ओळखू येणार नाही?" तो हसला.

सातवा मजला पुलाखालून गेला आणि अंधारात लहान होत गेला. त्यानं दुर्बीण ठेवली आणि पत्रकावर बोट फिरवलं.

"पुढच्या बंदरात सकाळी सातला लागतं. याच काठानं रात्रभर गाडी हाकली तर मी आधी पोचतो. उतरेल तेव्हा समोरच उभा असेन."

"एवढ्या रात्री कशाला जाता? झोप लागली म्हणजे?"

"काळजी करू नका. नीट घरी आणतो तिला."

जिना पुन्हा वाजला. त्याची गाडी रांगेतून वळली आणि किनाऱ्याच्या रस्त्यानं भरधाव निघाली. रेडिओवर पायलटनं टोक पार झाल्याचं कळवलं. ताईंनी पूल खाली घेतला, फाटक उघडलं, आणि पलीकडे निघालेल्या गाड्यांच्या शिव्या निमूटपणे ऐकल्या. पावणेनऊला फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"ताई, मी बसले, गाडी सुटली," बहीण म्हणाली. "तो स्टेशनवर आलाच नाही."