डिकीतलं पाणी

स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं आणि दाजींच्या मते त्यालाही ताईच जबाबदार होती. डिकीचं झाकण ती नीट लावत नाही, असं त्यांचं म्हणणं. गॅरेजच्या मधोमध उभं राहून त्यांनी ते एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं आणि पुन्हा सांगताना तिच्या मानेला असा हिसका दिला की तिचं कपाळ डिकीच्या कडेवर आपटलं.

"दिसलं का आता पाणी?" त्यांनी विचारलं.

ताईने कपाळ चोळलं आणि दिसलं म्हणाली.

तिचा भाऊ पान्हा हातात घेऊन शेजारीच उभा होता. गॅरेज त्याचंच. सुट्टीचा दिवस, त्यामुळे कामगार कुणी नव्हते. आई गेल्यावर या ताईनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. आज तिच्या डाव्या हाताची बोटं पट्टीत होती. दारात सापडली, असं तिने आल्या आल्या कुणी न विचारताच सांगून टाकलं होतं. मागच्या खेपेला बरगडी होती, तेव्हा बाथरूममध्ये पाय घसरला होता. एवढी धांदरट बाई साऱ्या खानदानात दुसरी नसावी.

त्याने एकदा दाजींना खडसावलं होतं. त्याची फेड घरी गेल्यावर ताईला करावी लागली. मग तिने त्याला स्वतःची शपथ घातली, आणि तेव्हापासून तो दातओठ खात गप्प होता.

आताही तो गुमान कामाला लागला. त्याने डिकीतलं कार्पेट काढलं, खड्डा पुसून कोरडा केला, सगळ्या सांध्यांवर पावडर भुरभुरवली आणि झाकण लावून वरून बादलीभर पाणी सोडलं. उघडून पाहिलं तर पावडरीत एक ओघळ उमटला होता, मागच्या डाव्या दिव्यापासून सरळ खड्ड्यापर्यंत. त्याने दिवा काढला. त्याच्या पाठीमागचं रबर कुजून भुगा झालं होतं. दिव्याच्या जागी मूठ जाईल एवढं भोक उरलं, त्यावर त्याने चिकटपट्टी लावली.

म्हणजे झाकणाचा काही संबंध नव्हता. ताईचाही नव्हता. दाजींनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि आणखी कुठून येत नसेल कशावरून, म्हणाले.

ते ऐकलं आणि भावाच्या मनात काहीतरी पक्कं झालं.

येत असेलही, तो म्हणाला. बघायची एकच रीत. एकाने टॉर्च घेऊन डिकीत बसायचं, झाकण लावायचं आणि दुसऱ्याने बाहेरून पंपाने पाणी मारायचं. आत थेंब दिसला की बसलेल्याने ठोकायचं. एरवी कामगार बसतात.

"आज तुम्हीच बसा, दाजी. ताईचा हात दुखतोय."

दाजी कुरकुरले, पण त्यांनी शर्ट काढून गाडीच्या दारावर टाकला. ताईला भावाने केबिनमध्ये पंख्याखाली जाऊन बसायला सांगितलं. तिने यातलं काही बघू नये, एवढंच त्याला हवं होतं. मग तो गॅरेजच्या मागच्या बाजूला पंप सुरू करायला गेला. पंप डिझेलवरचा आणि महाहट्टी; दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली. एकदाचा सुरू झाला तसं पत्र्याचं छप्पर थडथडायला लागलं. त्या आवाजात शेजारी तोफ उडाली असती तरी कळलं नसतं.

नळी ओढत तो परत आला. डिकीचं झाकण लागलेलं होतं. शर्ट दारावर लोंबत होता. केबिनच्या धुरकट काचेआड, खुर्चीत कुणी पाठमोरं बसलेलं दिसलं आणि त्याला हायसं वाटलं.

त्याने डिकीला किल्ली फिरवली, ती खिशात टाकली, डाव्या भोकावरची चिकटपट्टी फाडली आणि पंपाची तोटी आत खुपसली.

लगेच झाकणाला आतून एक ठोका जाणवला. मग ठोक्यांना खंड राहिला नाही.

त्याला फक्त भिजवायचं होतं. नाकातोंडात पाणी गेलं की माणूस ताळ्यावर येतो, हात जोडतो, मग उघडायचं, असा त्याचा हिशेब. पण आतली तडफड तोटीतून हाताला कळायला लागली आणि त्याला इतकं बरं वाटलं की हात मागे येईना.

"हे बोटांचं," तो भोकाशी तोंड नेऊन ओरडला. त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही. "हे बरगडीचं."

गाडी हलत होती. झाकण लाथांनी आतून उचकत होतं. त्याने तोटी फेकली, भिंतीशी टेकवलेली पहार उचलली आणि तिचं टोक भोकातून आत घालून सगळं अंग तिच्यावर टाकलं. टोक कुठेतरी मऊ जागी रुतलं. त्याने पहार ओढली आणि परत घातली. आणि परत. तो रडत होता आणि मध्येच हसतही होता, कारण वर्षानुवर्षं गिळलेलं सगळं आता बाहेर पडत होतं. ताईची शपथ मोडल्याचं वाईट वाटून घ्यायला अख्खा जन्म पडला होता.

ठोके थांबले. गाडी हलायची थांबली.

तो धापा टाकत मागे गेला आणि त्याने पंप बंद केला. दाजींचं कण्हणं त्याला कान भरून ऐकायचं होतं. ऐकू आलं ते केबिनचं दार उघडल्याचं.

"ताई, इकडे येऊ नकोस," न वळताच तो म्हणाला. "आता तुला कुणी हात लावणार नाही."

"सापडलं का, मेव्हणे?" पाठीमागून दाजींनी मोठी जांभई दिली. "माझी कंबर काही त्या डिकीत वाकेना. म्हटलं, हिलाच बसवावं."