टाकीतला समुद्र

अकोल्याच्या प्रल्हादरावांनी अकरा वर्षं सांभाळलेले गोल्डफिश शेजारी देऊन टाकले आणि त्याच काचेच्या टाकीत समुद्र करायला घेतला. का, ते कुणाला सांगितलं नाही. मालवणहून लग्न होऊन आलेली त्यांची सून, ऊर्मिला, चार महिन्यांत हो-नाहीपलीकडे बोललीच नव्हती.

सहा आठवडे टाकीत नुसतं मिठाचं पाणी आणि प्रवाळाचे दगड. टाकी मुरल्याशिवाय मासे सोडायचे नसतात. "काका, दगड पाळलेत का?" असं शेजारी विचारायचे. प्रल्हादराव हसून खारेपणा मोजायच्या नळीला डोळा लावायचे.

अखेर केशरी पट्ट्यांचे दोन मासे आले. प्रल्हादराव पिशवी सोडणार, तोच ऊर्मिला पुढे आली. तिनं टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं.

"बाबा, थांबा. समुद्र एवढा खारट नसतो."

"अगं, माप बरोबर आहे."

"मग नळी बिघडली असेल."

प्रल्हादरावांनी नळीवर साध्या पाण्याचा थेंब टाकला. रेघ शून्यावर हवी होती, ती बरीच खाली गेली; म्हणजे नळी खारेपणा कमी दाखवत होती. मासे त्या पाण्यात तगलेच नसते. दोघांनी दुपारभर बादल्या ओतून पाणी बदललं. ऊर्मिलेनं पुन्हा चाखून मान डोलावली आणि मासे सोडले. ते दगडाआड दडले.

"भियाव नकात रे," ती काचेशी वाकून म्हणाली. "मी पण हंय नवीनच आसंय."

प्रल्हादरावांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. "बस. आता तुझ्या समुद्राचं सांग."

दोघांचाही चहा गार होऊन गेला, तरी ती बोलतच होती.