तिकिटावरच्या बाई

माझ्या संग्रहातलं सगळ्यात दुर्मीळ टपाल तिकीट मी लेकीला भिंगातून दाखवत होतो. “ही बाई डाव्या हाताने वीणेच्या तारा छेडतेय, दिसलं? चित्र उलटं छापलं गेलंय.”

“कशावरून?”

“अगं, असं कुणी वाजवतं का?”

मटार सोलता सोलता आई भिंगात डोकावली. “उलटंबिलटं काही नाही. डावखुऱ्याच होत्या. आणि ‘ही बाई’ काय म्हणतोस? माझ्या बाई त्या. समोर बसवून शिकवायच्या. मी उजव्या हाताची, त्यामुळे आरशात बघून शिकल्यासारखं व्हायचं.”

आईला वाजवता येतं, हे मला आज कळत होतं.

“आजी, कसं वाजवायचीस?” लेकीने विचारलं.

आईने हातातली शेंग आडवी धरली. बोटं आपोआप चालू लागली. मी भिंग तिकिटावरून उचललं आणि त्या बोटांवर धरलं.