स्टार्टरवरचं लिंबू

"सगळं निघते म्हनतात त्या मशीनमंदून. काईच लपत नाई," केशवराव मुद्दाम मोठ्यानं बोलले. दवाखान्याच्या बाकावर शेजारीच बसलेल्या माणिकबाईंनी ते ऐकलं, पदर सारखा केला आणि त्या समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. बघा, नजरेला नजर देत नाही, केशवरावांनी मनात म्हटलं. भावजयीला त्यांनी गावाहून अमरावतीला आणलं होतं ते काही सोबत म्हणून नव्हे. तिचं पाप तिच्याच समोर बाहेर पडावं म्हणून आणलं होतं.

केशवरावांच्या छातीत, डाव्या खांद्याच्या हाडाखाली, काडेपेटीएवढं मशीन होतं. त्यांचे थोरले भाऊ नत्थुजी गेल्या पावसाळ्यात मळ्यातल्या विहिरीवर मोटार चालू करायला गेले आणि तिथंच आडवे झाले. हार्ट, असं सगळे म्हणाले. खानदानी दुखणं असायचं, या धास्तीनं केशवरावांनी स्वतःला तपासून घेतलं. तर खरंच, त्यांच्या हृदयाचा ठोका मधूनच भरकटत होता. मग ऑपरेशन करून मशीन बसवलं. ठोका बिघडला की ते आतूनच झटका देतं आणि हृदयाला ताळ्यावर आणतं.

तसा झटका त्यांना दोनदा बसला. छातीत बैलानं लाथ घालावी तसा. आणि दोन्ही वेळा विहिरीवरच. दोन्ही वेळा मोटारीच्या स्टार्टरवर हळदकुंकू लावलेलं लिंबू होतं.

हे कुणाचं काम, ते कळायला वेळ लागला नाही. एका सकाळी वांग्याच्या ओळीआडून त्यांनी माणिकबाईंना लिंबू ठेवताना डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवसापासून सगळ्या गोष्टींचा मेळ बसला. नवरा गेला, आता दीरही गेला की मळा एकट्या शेखरचा, तिच्या लेकाचा. कावीळ झालेल्याला सगळं पिवळंच दिसतं. केशवरावांनी तिच्या हातचा चहा सोडला. ताटातली भाजी ते आधी हुंगायचे. लिंबाच्या भीतीनं घरातलं कुणी मोटारीकडे फिरकेना, त्यामुळे पाणी द्यायचं काम एकट्या त्यांच्यावर आलं. ते रोज काडीनं लिंबू उडवायचे आणि रागारागानं स्टार्टर दाबायचे. आज ही करणीच असल्याचं डॉक्टरच्या तोंडून एकदा ऐकलं, की संध्याकाळी चार माणसं बसवून मायलेकांना घराबाहेर काढायचं, हे त्यांनी पक्कं केलं होतं.

नाव पुकारलं गेलं. डॉक्टर गीतांजलीबाईंनी त्यांच्या छातीवर मशीनमधल्या नोंदी वाचणारी एक चकती धरली. पडद्यावर रेघा धावू लागल्या. केशवराव पडद्याकडे कमी आणि माणिकबाईंकडे जास्त बघत होते.

"काका, झटका बसला तेव्हा तुमचं हृदय अगदी बरोबर चाललं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "गडबड बाहेरून आली आहे."

"बाहेरचंच!" केशवरावांनी टेबलावर हात आपटला. "ऐकलं का, वहिनी? बाहेरचंच हाये!"

डॉक्टर जरा गोंधळल्या. "बाहेरून म्हणजे वीज, काका. तुमच्या अंगात कुठून तरी थोडाथोडा करंट येतोय. मशीनला वाटलं ठोकाच बिघडला, म्हणून त्यानं झटका दिला. तेव्हा हात कशाला लावला होता?"

"मोटारीच्या स्टार्टरले."

"मग तिचं अर्थिंग नसेल. घरी फोन करून आधी लाइन बंद करायला लावा. एरवी नुसत्या मुंग्या येतील. पण पावसाळ्यात, ओल्या पायांनी कुणी हात लावला, तर धडधाकट माणूससुद्धा उभ्याउभ्या जाईल. मोटार बसवली कुणी?"

मोटार त्यांनीच बसवली होती. फिटर कशाला, मले सारं येते, असं म्हणून. अर्थिंगची तार त्यांनी जोडलीच नव्हती, कारण मोटार तिच्यावाचूनही छान चालत होती. दादाला हृदयानं नेलं नाही, आपण नेलं, हे त्यांना तिथंच, त्या खुर्चीत कळलं.

बाहेर येताच त्यांनी शेखरला फोन लावला. "मोटारीची लाइन काढून टाक. स्टार्टरपाशी कोनालेच जाऊ देऊ नको!"

"तिकडं जातेच कोन, काका?" शेखर म्हणाला.

केशवरावांनी फोन खिशात टाकला. माणिकबाईंकडे बघायचा धीर होईना. पायांकडे बघत त्यांनी विचारलं, "वहिनी, तुमाले हे ठाऊक होतं?"

"एवढं ठाऊक कुठून असन? पाइपाले हात लावला का मुंग्या येत. तुमचे दादा गेल्यावर तुमाले सांगतलं होतं. तुमी अंगावर आले, माझ्या फिटिंगले नाव ठेवू नका म्हनले."

ते खरं होतं. तसंच म्हणाले होते ते, शब्दाला शब्द.

"मंग लिंबू काहून ठेवत होत्या?"

माणिकबाईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, फार थकवा होता.

"करंट हाये म्हनलं तं कोनी ऐकलं नाई, भाऊजी. लिंबू ठेवलं तं तुमी सोडून कोनी हात लावला नाई."